विरोधी बाकावरून प्रश्न कसा विचारावा

सभा गाजवणे आणि सरकारला प्रश्न विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि विरोधी पक्षातून नव्याने निवडून आलेल्या सदस्याची पहिली अडचण बहुधा हीच असते की निवडणुकीने त्याला पहिले काम शिकवलेले असते, दुसरे नाही. मैदानात टाळ्या मिळवणारे वाक्य प्रश्नाच्या सूचनेत घातले तर लोकसभा सचिवालय ते गाळते किंवा सबंध प्रश्नच अमान्य होतो. चुकून ते तसेच राहिले, तर त्याचा फायदा मंत्र्याला होतो, कारण आरोपाला प्रत्यारोपाने उत्तर देता येते. तारीख, आकडा आणि आदेशाचा क्रमांक विचारला असता मात्र ती सोय राहत नाही. हे मार्गदर्शन लोकसभेतील विरोधी सदस्य आणि त्यांच्यासाठी प्रश्न तयार करणारे सहायक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. राज्यसभा आणि महाराष्ट्र विधानमंडळ यांचा उल्लेख फरक पडतो तेवढ्यापुरताच आला आहे.

या हक्काची वाट लांबून आलेली आहे. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील हिंदी सभासदांना प्रथमच प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु मिळालेल्या उत्तरावर उलट विचारण्याची सोय नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ ने मंत्रिमंडळाला लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार धरल्यानंतर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. पूर्वी सरकार मेहेरबानीने माहिती देत असे, आता ते हिशेब देण्यास बांधलेले आहे. प्रश्न लिहिताना ही भूमिका मनात पक्की असावी, म्हणजे भाषेत विनवणीही येत नाही आणि कारण नसताना चढा सूरही लागत नाही.

प्रश्नाचे प्रकार आणि त्यांतील निवड

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२ असतो. राज्यसभेत तो २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारी १२ वाजता सुरू होतो. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि तिथेच थांबते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. एका सदस्याचे एका दिवशी पाचांहून अधिक प्रश्न यादीत येत नाहीत आणि त्यांत तारांकित एकच असतो. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सूचना शेकड्यांनी येत असल्यामुळे क्रम सोडतीने ठरतो, आणि यादीतील वीसपैकी तोंडी उत्तरापर्यंत बहुधा पाच-सहाच प्रश्न पोहोचतात. अल्पसूचना प्रश्नाचाही एक मार्ग आहे, परंतु त्यास मंत्र्याची संमती लागते, त्यामुळे विरोधकांनी त्यावर फारसा भरवसा ठेवू नये.

नवे सदस्य तारांकित प्रश्नामागे धावतात, कारण तो दूरचित्रवाणीवर दिसतो. माझ्या मते सुरुवात अतारांकित प्रश्नापासून करावी. जिल्हावार तक्ते, वर्षवार खर्च, प्रलंबित प्रकरणांची संख्या, रिक्त पदे ही माहिती तोंडी उत्तरात कधीच नीट येत नाही. लेखी उत्तराच्या परिशिष्टात ती येते, आणि एकदा आली की तिच्यावर सरकारची सही असते. पुढच्या अधिवेशनात त्याच तक्त्यातील एखाद्या विसंगतीवर बोट ठेवून तारांकित प्रश्न लावता येतो. एकाच आशयाचा प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, म्हणून दुसरा प्रश्न पहिल्याच्या पुढच्या पायरीवर असावा, त्याचीच नक्कल नसावी.

मंत्रालय आधी ठरवावे

प्रश्न कोणाला विचारायचा हे ठरवण्यातच अर्धे काम होते. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. चुकीच्या मंत्रालयाला विचारलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो आणि त्यात वेळ जातो. महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा कांद्याचाच विषय घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली, ३१ मार्च २०२४ ची मुदत संपण्याआधीच बंदी पुढे वाढवली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठवताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क कायम ठेवले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण हटले.

लासलगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सगळी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे भाव पडला. दिल्लीत मात्र तिचे निदान पाच तुकडे होतात. निर्यातबंदीचा आदेश वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार महासंचालनालय काढते. शुल्काचा निर्णय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचा असतो. नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाच्या कक्षेत येते. बंदीच्या काळात काही देशांना कांदा पाठवण्याचे काम ज्या राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेकडे दिले गेले, तिचा संबंध सहकार मंत्रालयाशी येतो. लागवड आणि उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालय देते. ‘कांदा उत्पादकांचे नुकसान’ असा एकच ढोबळ प्रश्न कृषी मंत्र्यांना पाठवला, तर उत्पादनाच्या अंदाजांचा एक छानसा तक्ता हाती पडतो आणि मूळ निर्णयाबद्दल त्यात एक शब्दही नसतो. म्हणून विषयाचे तुकडे स्वतःच करावेत, प्रत्येक तुकड्याचा धनी शोधावा आणि पक्षातील चार-पाच सदस्यांमध्ये वाटून त्या-त्या वारासाठी वेगवेगळ्या सूचना द्याव्यात. मग सगळी उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. एका मंत्रालयाने दिलेली तारीख दुसऱ्याच्या तारखेशी जुळत नसेल, तर पुढच्या अधिवेशनातील तारांकित प्रश्न तिथेच सापडतो.

मसुदा

लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम ४१ मध्ये प्रश्न कसा नसावा हे सविस्तर सांगितले आहे. तो साधारणतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप, विशेषणे किंवा बदनामीकारक विधाने नसावीत. मत किंवा काल्पनिक परिस्थितीवरील भाष्य मागू नये. पदाच्या कामाशी संबंध नसलेले कोणाचे वर्तन विचारू नये. न्यायप्रविष्ट बाब आणू नये. आणि सहज उपलब्ध असलेल्या प्रकाशित कागदपत्रांत जे आहे, तेच पुन्हा मागू नये. पुष्कळ जण या यादीकडे अडथळ्यांची यादी म्हणून पाहतात. मला तो चांगल्या मसुद्याचा धडा वाटतो, कारण यांतील प्रत्येक गोष्ट काढून टाकल्यावर प्रश्न अधिक टोकदार होतो.

‘शेतकऱ्यांच्या पाठीत खंजीर खुपसून सरकारने कांद्याची निर्यात का बंद केली आणि त्याबद्दल सरकार माफी मागणार काय?’ असा मसुदा समजा हाती आला. यात एक आरोप आहे, एक हेत्वारोप आहे आणि एक मागणी आहे. माहिती मागणारा एकही शब्द नाही. तो स्वीकारलाच गेला, तरी ‘देशांतर्गत उपलब्धता व दर स्थिर ठेवण्यासाठी वेळोवेळी निर्णय घेतले जातात’ या एका ओळीत संपेल. याच रागातून निघालेला दुसरा मसुदा असा होऊ शकतो: ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ या काळात बंदीच्या आदेशातील अपवादांखाली कोणत्या देशांना किती टन कांदा पाठवण्यास परवानगी दिली आणि प्रत्यक्षात किती गेला, त्यासाठी शेतकऱ्यांकडून, कोणत्या बाजार समित्यांतून, कोणत्या सरासरी, किमान व कमाल दराने खरेदी झाली, परदेशातील विक्रीचा दर काय होता, आणि बंदीची मुदत वाढवण्याचा निर्णय कोणत्या तारखेच्या बैठकीत, कोणत्या दरांच्या आधारे झाला? एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी सरकारनेच जाहीर केली होती आणि त्याच सुमारास २,००० टन पांढऱ्या कांद्यालाही मुभा दिली होती, म्हणजे अपवाद झाले होते हे वादातीत आहे. त्यामुळे प्रश्न थेट तपशिलापासून सुरू करता येतो. या मसुद्यात सरकारविरुद्ध एकही विशेषण नाही, तरीही त्याचे उत्तर देताना मंत्रालयाला जास्त विचार करावा लागेल.

महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नांचा जुना साचा इथे उपयोगी पडतो. तिथे प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा सुरू होतो, मग ‘असल्यास’ म्हणून चौकशी, कार्यवाही आणि तिचे निष्कर्ष विचारले जातात, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ हा फाटा येतो. या रचनेत उत्तर कोणतेही आले तरी पुढचा भाग आधीच तयार असतो. अर्थात तिच्यातही पळवाट आहे: पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर मिळते. म्हणून पहिला भाग कधीही अतिव्याप्त ठेवू नये. ‘जिल्ह्यातील सर्व शाळांत शिक्षक नाहीत हे खरे आहे काय’ असे विचारल्यास एका शाळेत शिक्षक सापडला तरी सरकार खरे ठरते. ‘किती शाळांत मंजूर पदांपेक्षा कमी शिक्षक आहेत’ या प्रश्नाला ‘खरे नाही’ हे उत्तर व्याकरणातच बसत नाही.

आकडा मागताना सरासरीवर समाधान मानू नये. ऑगस्ट १९६३ मध्ये, लोकसभेतील पहिल्या अविश्वास प्रस्तावावरील चर्चेत, डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे मांडले, आणि पंतप्रधान नेहरूंनी सांगितलेला आकडा पंधरा आण्यांचा होता. त्या वादातून आजच्या प्रश्नकर्त्याने घ्यायचे ते एवढेच, की सरासरीत वरच्या थरातील माणसाचे उत्पन्नही मिसळलेले असते. खरेदीचा सरासरी दर विचारला तर सोबत किमान दरही विचारावा. निकाली निघालेल्या अर्जांची टक्केवारी विचारली, तर एक वर्षाहून जुने किती अर्ज पडून आहेत हेही विचारावे.

उत्तर निसटते कुठे

मंत्रालयातील अधिकारी प्रश्नाचा शब्द न् शब्द तोलून उत्तर तयार करतात, आणि प्रश्नात एक सैल शब्द सापडला की सगळे उत्तर त्या शब्दावर उभे राहते. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण २० जुलै २०२१ चे आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तीव्र टंचाईमुळे मोठ्या संख्येने रुग्ण दगावले हे खरे आहे काय, असा प्रश्न राज्यसभेत विचारला गेला होता. आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची नोंद कशी कळवावी याच्या सूचना राज्यांना दिलेल्या आहेत, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने विशेषत्वाने कळवलेले नाही. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा तुटला होता आणि वीसहून अधिक रुग्ण गेले होते. मंत्री स्वतः नाशिक जिल्ह्यातीलच दिंडोरीच्या खासदार होत्या. देशभर संताप उसळला. परंतु उत्तराकडे कारागिराच्या नजरेने पाहिले, तर त्यात ‘मृत्यू झाले नाहीत’ असे विधान कुठेच नाही. ‘कळवलेले नाही’ एवढेच आहे.

हे उत्तर घट्ट कसे करता आले असते? केंद्राने राज्यांकडून मृत्यूची माहिती मागवली तेव्हा नमुन्यात प्राणवायूच्या अभावासाठी वेगळा रकाना होता काय. नसल्यास तो का ठेवला नाही. कोणत्या राज्यांना, कोणत्या तारखेला स्वतंत्र पत्राने ही माहिती मागितली. आणि कोणत्या राज्यांची उत्तरे आली, असे विचारले असते, तर ‘कळवलेले नाही’ या आडोशामागे जाण्यास जागा उरली नसती, कारण न विचारल्याची जबाबदारी विचारणाऱ्यावरच आली असती. म्हणून मसुदा तयार झाल्यावर तो एकदा मंत्रालयाच्या अवर सचिवाच्या खुर्चीत बसून वाचावा आणि आपणच सर्वांत कोरडे, सर्वांत खरे आणि सर्वांत निरुपयोगी उत्तर लिहून पाहावे. ते दोन ओळींत लिहिता आले तर मसुदा पुन्हा करावा. जो प्रश्न टाळता येतच नाही असा प्रश्न फार क्वचित साधतो. टाळल्यास टाळाटाळ कागदावर उघडी पडेल असा प्रश्न मात्र मेहनतीने साधता येतो, आणि विरोधकाचे उद्दिष्ट तेच असावे.

‘अशी माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर निराशेचे वाटते, पण ते फेकून देऊ नये. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत घरी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची संख्या विचारली असता श्रम मंत्रालयाने अशी माहिती नसल्याचे सांगितले, आणि तो नकारच त्या अधिवेशनातील सर्वांत मोठ्या बातम्यांपैकी एक ठरला. माहिती नसताना मदत कोणत्या आधारावर दिली किंवा नाकारली, हा पुढचा प्रश्न त्यातून आपोआप निघतो.

‘हा राज्याचा विषय आहे’ या उत्तरावरचा उपाय वेगळा आहे. तोच विषय त्याच सुमारास विधानसभेत आपल्या पक्षाच्या आमदाराकरवी विचारावा, तारांकित प्रश्न म्हणून किंवा लक्षवेधी सूचना म्हणून. दिल्लीत ‘राज्याची जबाबदारी’ आणि मुंबईत ‘केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे’ अशी दोन उत्तरे आली की ती एकाच पानावर छापावीत. त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज पडत नाही.

सभागृहातील दोन उपप्रश्न

तारांकित प्रश्न पुकारला गेला की मंत्री बहुधा ‘निवेदन पटलावर ठेवले आहे’ एवढेच म्हणून बसतो. निवेदनाची प्रत सदस्याच्या हाती त्याआधीच आलेली असते, ती नुसती चाळून सभागृहात जाऊ नये. ज्याच्या नावावर प्रश्न आहे त्याला दोन उपप्रश्न मिळतात; त्यानंतर अध्यक्ष इतरांना संधी देतात. हे दोन उपप्रश्न म्हणजे सबंध खटाटोपाचा कळस असतो, आणि तेच बहुतेक वेळा वाया जातात. पहिला मिनिटभर मतदारसंघाचे वर्णन होते, दुसऱ्यात तीन प्रश्न एकत्र कोंबले जातात, आणि मंत्री त्यांतील सर्वांत सोपा निवडून त्याचे सविस्तर उत्तर देतो.

एका उपप्रश्नात एकच गोष्ट विचारावी. पहिला उपप्रश्न लेखी उत्तरातील भोकावर ठेवावा, म्हणजे जे विचारले होते आणि आले नाही, त्यावर: ‘निवेदनात परवानगीचे प्रमाण आहे, प्रत्यक्ष निर्यातीचे नाही, ते किती?’ दुसरा उपप्रश्न तारीख मागणारा असावा: ‘ही माहिती किंवा हा निर्णय कोणत्या दिवसापर्यंत सभागृहासमोर येईल?’ पहिल्याला मंत्र्याने काय म्हटले यावर दुसरा बदलावा लागतो, म्हणून दोन-तीन पर्याय लिहून ठेवावेत. पण मंत्री बोलत असताना कागदात डोके घालून बसू नये, कारण त्याच्या उत्तरातील निसटता शब्द ऐकू येणे हीच उपप्रश्नाची खरी तयारी आहे. मूळ पुण्याचे आणि बिहारमधील मुंगेर व बांका येथून निवडून गेलेले मधु लिमये नियमांच्या बारीक ज्ञानासाठी ओळखले जात, आणि संख्येने लहान पक्षात बसूनही त्यांचा सरकारवर वचक होता. राजापूरचे नाथ पै यांचे वक्तृत्व मराठी माणूस अजून आठवतो. नव्या सदस्याने वक्तृत्वाचा हेवा करावा, पण अनुकरण आधी नियमपुस्तक वाचण्याच्या सवयीचे करावे. ती मेहनतीने लागते.

मराठीतून बोलायचे असल्यास आधी कळवावे, म्हणजे भाषांतराची व्यवस्था होते. मात्र आकडे आणि तारखा असलेले उपप्रश्न भाषांतरात सैल होण्याची भीती असते, तेव्हा वाक्ये आखूड ठेवावीत. प्रश्नाची लेखी सूचना हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागते.

हजर राहावे, हे सांगावे लागू नये. परंतु ३० नोव्हेंबर २००९ रोजी यादीतील बहुतेक प्रश्नकर्तेच गैरहजर असल्यामुळे लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास वेळेआधी संपला होता. गदारोळाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. कधी कधी सभागृह रोखून धरण्यावाचून विरोधकांपुढे मार्ग उरत नाही, हे मान्य आहे. तरी सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला तेव्हा त्यावर योग्यच टीका करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की घोषणाबाजीत बुडालेल्या प्रत्येक सकाळी तोच तास विनासायास वगळला जातो आणि मंत्र्याची तयार केलेली फाईल न उघडता परत जाते. निषेधासाठी दुपारची वेळ निवडली तर प्रश्नांचा बळी जात नाही.

उत्तरानंतरचे काम

‘विचाराधीन आहे’, ‘तपासून पाहू’, ‘माहिती गोळा केली जात आहे व पटलावर ठेवली जाईल’ ही वाक्ये ऐकून सदस्य हताश होतात. प्रत्यक्षात यांतील प्रत्येक वाक्य आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते. लोकसभेची सरकारी आश्वासनांवरील समिती १९५३ पासून काम करते, आणि आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करण्याची अपेक्षा असते. मुदत वाढवून हवी असल्यास मंत्रालयाला समितीकडे यावे लागते. म्हणून अशा उत्तराचा दिनांक, प्रश्नक्रमांक आणि नेमका शब्दप्रयोग लगेच टिपून ठेवावा. ते आश्वासनांच्या यादीत आले की नाही ते पाहावे आणि आले नसल्यास समितीला पत्र लिहावे. अपूर्ण उत्तरातील वस्तुस्थितीचा खुलासा हवा असेल तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. ती साधारणतः सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारी दिवसाच्या अखेरीस होते, सभागृह तेव्हा रिकामे असते, वार्ताहर निघून गेलेले असतात, आणि नेमक्या त्या शांततेत मंत्र्याला मुद्द्यावर धरून ठेवता येते.

प्रश्नाने मंत्री जाऊ शकतो याचा दाखलाही आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा प्रश्न लोकसभेत उभा राहिला, फिरोज गांधी यांनी तो कागदपत्रांनिशी लावून धरला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधी सत्ताधारी बाकावर बसत होते, ही गोष्ट विरोधकांनी थोडी मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

विरोधी पक्षनेत्याचा वाटा

१९७७ च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला वेतन व दर्जा मिळाला, आणि यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी लोकसभेत त्या जागी बसले होते. सदस्यसंख्येचा दहावा हिस्सा ही प्रथा लावली गेल्यामुळे २०१४ ते २०२४ ही दहा वर्षे लोकसभेत ते पद रिकामे राहिले. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र पदाला नसून सदस्याला असतो, आणि सोडतीत नेत्याच्या सूचनेला वेगळे वजन नसते. ब्रिटनमध्ये दर बुधवारी विरोधी पक्षनेता पंतप्रधानांना सहा प्रश्न विचारतो. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे नेत्याचे खरे काम अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी सुरू होते: विषय ठरवणे, ते मंत्रालयनिहाय तोडणे, कोणी कोणत्या वाराला सूचना द्यायची हे वाटणे आणि दहा जणांनी एकच प्रश्न पाठवण्याची हौस आवरणे. स्वतःच्या भाषणाइतकेच लक्ष त्याने मागच्या बाकावरील नवख्या सदस्याच्या दुसऱ्या उपप्रश्नाकडे दिले, तर पक्षाची धार टिकते.

एका बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. प्रश्न सुचवणारे अनेक असतात: शेतकरी संघटना, कामगार, पत्रकार, आणि व्यापारी व कंपन्यांचे प्रतिनिधीही. त्यांच्याकडून माहिती घेणे गैर नाही. मोबदला घेणे गैर आहे. मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांची कामे सभागृहात मांडल्याचा ठपका बसलेले संसद सदस्य एच. जी. मुदगल यांना १९५१ मध्ये सदस्यत्व सोडावे लागले, आणि डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतील मिळून ११ खासदारांचे सदस्यत्व गेले. आता सूचना पोर्टलवरून जातात, म्हणून लॉगिनही सांभाळावे. डिसेंबर २०२३ मध्ये तृणमूल काँग्रेसच्या खासदार महुआ मोइत्रा यांचे सदस्यत्व लोकसभेने काढून घेतले त्यात लॉगिन दुसऱ्याला दिल्याचा मुद्दा होता. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला, आणि त्या कारवाईच्या न्याय्यतेबद्दल मतभेद आहेत. तरीही सहायकाने मसुदा करावा आणि सूचना सदस्याने स्वतः वाचून स्वतः पाठवावी, ही शिस्त पाळल्यास वादाला जागाच राहत नाही. प्रश्नामागे कोणाचे पत्र किंवा निवेदन होते, तेही फाईलमध्ये लावून ठेवावे.

त्या पत्राचा आणखी एक उपयोग आहे. उत्तर आले की त्याचे साध्या मराठीत भाषांतर करून, सोबत मूळ प्रत जोडून, ते पत्र लिहिणाऱ्याला आठवड्याच्या आत पाठवावे. उत्तरातील कोणता आकडा चुकीचा आहे, कोणती खरेदी कागदावरच झाली आणि कोणत्या बाजार समितीत त्या दिवशी लिलावच नव्हता, हे तोच सांगू शकतो, आणि पुढच्या अधिवेशनातल्या प्रश्नाची पहिली ओळ पुष्कळदा त्याच्याच पुढच्या पत्रात लिहून येते.